साडेबावन्न टनांचे इंजिन आणि पाच लहान लेझर

महाकाय यंत्रमानवांच्या लढाया पटावर खेळण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत रूढ झाली, आणि तिचे सर्वांत तपशीलवार रूप 'बॅटलटेक' या अमेरिकी युद्धखेळात पाहायला मिळते. शिकागो येथील फासा कॉर्पोरेशन या छोट्या प्रकाशनसंस्थेने १९८४ मध्ये तो 'बॅटलड्रॉइड्स' या नावाने बाजारात आणला. परंतु 'ड्रॉइड' या शब्दावर 'स्टार वॉर्स' चित्रपटांच्या निर्मात्या लुकासफिल्म कंपनीने हक्क सांगितल्यामुळे पुढच्याच वर्षी त्याचे नामांतर करावे लागले. जॉर्डन वाइसमन आणि एल. रॉस बॅबकॉक यांनी १९८० मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे नावच मुळात थट्टेतून आले होते, कारण मार्क्स बंधूंच्या एका विनोदी चित्रपटातील फ्रीडोनिया या काल्पनिक देशाच्या तितक्याच काल्पनिक अंतराळ खात्याच्या आद्याक्षरांवरून ते घेतलेले होते. अशा संस्थेने रचलेल्या यंत्रांत काही हास्यास्पद निघाली, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. नवल याचे वाटते की या खेळाच्या चाहत्यांनी चार दशके जितक्या आत्मीयतेने त्यातील फसलेल्या यंत्रांची चर्चा केली, तितकी उत्तम यंत्रांची क्वचितच केली. ही यंत्रे रचनाकारांच्या हलगर्जीपणातून निपजली असा समज प्रचलित आहे आणि तो अर्धाच खरा आहे. चित्रे एका हाताची, गणित दुसऱ्या हाताचे आणि कथा तिसऱ्याच हाताची, अशी या खेळाची जडणघडण असल्याने त्यांचा मेळ ठिकठिकाणी बसला नाही. मात्र लेखकांनी ही विसंगती झाकून न टाकता तिलाच इतिहास जोडून दिला, आणि खेळाचे खरे बळ तेथे आहे.

चित्रांचा उगम जपानमध्ये होता. गो नागाई यांच्या १९७२ मधील 'माझिंगर झेड' या कथेतील यंत्रमानव हा एकमेवाद्वितीय वीर होता, तर योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेल्या १९७९ मधील 'मोबाइल सूट गंडाम' या मालिकेने यंत्रमानवाला कारखान्यातून निघणाऱ्या, क्रमांक दिलेल्या लष्करी सामग्रीचे रूप दिले. यंत्र एकदा सामग्री ठरले की त्याच्या आवृत्त्या निघणे ओघानेच येते. प्लॅस्टिकच्या जोडणी-प्रतिकृती विकणाऱ्या बांडाई कंपनीने १९८३ मध्ये 'मोबाइल सूट व्हेरिएशन' ही मालिकाच काढली, तिच्यात पडद्यावर कधीही न दिसलेले उपप्रकार होते, आणि त्यांत 'झाकू' या यंत्रमानवाचे केवळ धड उचलून रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवलेला 'झाकू टँक'ही होता. मोडक्या भागांतून कसेबसे उभे केलेले हे यंत्र लढाईत कितपत टिकले असते हा प्रश्न गौण आहे. युद्धात सामग्री संपत आली की माणसे काय करतात हे त्यातून दिसत होते, आणि उपप्रकार म्हणजे यंत्राच्या आयुष्यातील घटनेची नोंद ही कल्पना येथेच रुजली.

फासाने आपल्या पहिल्या यंत्रांची चित्रे 'फँग ऑफ द सन डगराम' (१९८१), 'सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस मॅक्रॉस' (१९८२) आणि 'क्रशर जो' या जपानी कलाकृतींतील प्रतिकृतींवरून, त्या आयात करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या परवानगीने घेतली. म्हणजे आकृती आधी ठरलेली होती, आणि वजन, वेग व शस्त्रे यांचे आकडे त्या आकृतीत मागाहून बसवावे लागत होते. याचा परिणाम 'रायफलमन' या ६० टनी यंत्रात स्पष्ट दिसतो. 'मॅक्रॉस'मधील 'डिफेंडर' हे मूळ यंत्र विमानविरोधी असल्याने त्याचे दोन्ही हात म्हणजे जोडतोफाच होत्या. चित्राशी इमान राखायचे, तर प्रत्येक हातात एक ऑटोकॅनन, म्हणजे सलग गोळे झाडणारी स्वयंचलित तोफ, आणि एक मोठा लेझर देणे भाग होते, आणि तसे ते दिलेही गेले. परंतु एवढ्या शस्त्रांनंतर वजनाच्या वहीत शिल्लक काही उरले नाही.

ही वजनाची वही समजून घेतल्याशिवाय पुढील चर्चा निरर्थक ठरेल. बॅटलटेकमध्ये लढाऊ यंत्रमानवाला 'बॅटलमेक' किंवा नुसते 'मेक' म्हणतात. त्याचे वजन २० ते १०० टनांच्या दरम्यान पाच-पाच टनांच्या टप्प्यांनी ठरते, आणि सांगाडा, इंजिन, तोल सांभाळणारा जायरोस्कोप, चालककक्ष, चिलखत, शस्त्रे व दारूगोळा या सर्वांची बेरीज त्या आकड्याच्या बाहेर जाऊ शकत नाही. लढाई षटकोनी घरांच्या नकाशावर होते, प्रत्येक घर ३० मीटरचे आणि प्रत्येक फेरी दहा सेकंदांची मानली जाते. शस्त्रे चालवली की उष्णता साठते आणि 'हीट सिंक' नावाची यंत्रणा ती बाहेर टाकते. इंजिनाबरोबर असे दहा हीट सिंक वजनाशिवाय मिळतात, त्यापुढील प्रत्येकाला एक टन मोजावा लागतो. रायफलमनकडे हे फुकटचे दहाच आहेत. दोन मोठे लेझर १६, दोन मध्यम लेझर ६ आणि दोन ऑटोकॅनन २, अशी एका फेरीत २४ अंश उष्णता निर्माण होते, दहा अंश बाहेर पडतात आणि १४ अंश अंगावर राहतात. तेवढ्याने यंत्राची चाल मंदावते, नेम बिघडतो, आणि इंजिन बंद पडू नये म्हणून दोन फाशांवर चार किंवा त्याहून अधिक आणावे लागतात. दोन्ही तोफांना मिळून दारूगोळा एक टन, म्हणजे २० फैरी, आणि चिलखत अवघे साडेसात टन आहे. आपल्याच शस्त्रांनी भाजून निघणारे हे यंत्र विमानांवर मारा करण्यासाठी बांधले होते असे स्पष्टीकरण अधिकृत साहित्यात मिळते. ते पटण्याजोगे आहे, कारण मूळ चित्राचा हेतूही तोच होता.

रायफलमनचा दोष चित्राने लादलेला होता, तर १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टेक्निकल रीडआउट: ३०२५' या यंत्रसूचीतील 'चार्जर'चा दोष गणिताच्या एका वळणातून आलेला आहे. इंजिनाचा दर्जा म्हणजे यंत्राचे टन गुणिले त्याची चालण्याची गती, हा नियम सोपा आहे. परंतु दर्जा वाढतो त्या प्रमाणात इंजिनाचे वजन वाढत नाही, ते शेवटी शेवटी भडकत जाते. २६० दर्जाचे इंजिन साडेतेरा टनांचे, ३२० दर्जाचे साडेबावीस टनांचे, ३८० दर्जाचे ४१ टनांचे आणि नियमांनी घातलेल्या कमाल मर्यादेवरचे ४०० दर्जाचे इंजिन साडेबावन्न टनांचे असते. चार्जर ८० टनांचा असून त्याची चालण्याची गती पाच घरे आहे, म्हणजे हे यंत्र बरोबर त्या मर्यादेवर जाऊन बसते. सांगाड्याचे आठ, इंजिनाचे साडेबावन्न, जायरोस्कोपचे चार, चालककक्षाचे तीन आणि चिलखताचे दहा टन मिळवले की साडेसत्याहत्तर होतात. उरलेल्या अडीच टनांत प्रत्येकी अर्ध्या टनाचे पाच लहान लेझर बसतात, आणि हाच या अवाढव्य यंत्राचा संपूर्ण शस्त्रसंभार आहे. त्यांचा पल्ला तीन घरांचा, म्हणजे ९० मीटरचा आहे. पाचही लेझर अचूक लागले तरी शत्रूचे १५ गुणांचे नुकसान होते. याउलट यंत्राच्या लाथेचे नुकसान त्याच्या वजनाच्या एक-पंचमांश धरले जात असल्याने चार्जरची एक लाथ १६ गुणांची ठरते. बडा घर पोकळ वासा ही म्हण इतक्या काटेकोर हिशोबाने सिद्ध झाल्याचे दुसरे उदाहरण युद्धखेळांत शोधूनही सापडणार नाही.

सूचीच्या लेखकांना हे कळत नव्हते असे मानणे अन्यायाचे होईल. चार्जरची कथा सांगताना त्यांनी ते टेहळणीसाठी बांधलेले यंत्र असल्याचे लिहिले आहे. हलकी टेहळणी यंत्रे शत्रूच्या माऱ्यात टिकत नाहीत, म्हणून टेहळणी करणाराच ८० टनांचा करावा, असा वेल्स टेक्नॉलॉजीज या काल्पनिक कारखान्याचा विचार होता. तो सपशेल फसला, आणि पुढे ड्रेकोनिस कम्बाइन या जपानी धाटणीच्या लढवय्या साम्राज्याने, अन्य काही मिळत नसल्याने, हा पांढरा हत्ती पोसला. लष्करी खरेदीचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हा तर्क मुळीच अपरिचित वाटणार नाही. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात 'कव्हेनंटर' नावाचे १७०० हून अधिक रणगाडे बांधले. इंजिन मागे आणि ते थंड ठेवणारा रेडिएटर पुढे, चालकाच्या शेजारी, अशी त्याची रचना असल्याने गरम नळ्या माणसांमधून जात, इंजिन वारंवार तापे, आणि एवढ्या मोठ्या संख्येने बांधूनही हा रणगाडा प्रामुख्याने प्रशिक्षणासाठीच वापरावा लागला. त्याच्या तुलनेत चार्जर निदान धावत तरी होता.

मूळ यंत्र फसले म्हणजे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघतात, आणि या खेळातील उपप्रकारांचे महत्त्व येथून सुरू होते. चार्जरची गती पाचावरून चारवर आणली, तर ३२० दर्जाचे इंजिन पुरते आणि एका फटक्यात ३० टन मोकळे होतात, हे कोणत्याही खेळाडूला पेन्सिल-कागदावर दिसत होते. १९९० च्या 'टेक्निकल रीडआउट: ३०५०' मध्ये नेमके हेच करून, दोन कणतोफा आणि दोन क्षेपणास्त्र-संच बसवून, वर सामुराईच्या शिरस्त्राणाचा साज चढवलेला 'हातामोतो-ची' अवतरला. कणतोफ म्हणजे विद्युत्भारित कणांचा झोत फेकणारे, अतिशय तापणारे पण दारूगोळा न लागणारे शस्त्र होय. ९५ टनी 'बॅन्शी'ची वाटचालही अशीच आहे. मूळ बॅन्शीचे इंजिन ४१ टनांचे असून एवढ्या आकाराच्या यंत्रात केवळ एक कणतोफ, एक मध्यम ऑटोकॅनन आणि एक लहान लेझर आहे, म्हणजे निम्म्या वजनाच्या एखाद्या यंत्राने बाळगावीत एवढीच शस्त्रे. खेळाच्या कथेतील श्टायनर घराण्याच्या राज्याने त्याचे इंजिन साडेसोळा टनांवर आणून मोकळ्या जागेत शस्त्रे अक्षरशः कोंबली. हे राज्य श्रीमंत आहे, त्याचे अनेक सेनापती रणांगणापेक्षा दरबारात घडलेले आहेत, आणि अडचण कोणतीही असो, तिच्यावर अधिक जड यंत्र हाच उपाय शोधण्याची त्यांना खोड आहे, असे कथेत आधीच सांगितलेले असल्याने हा उपप्रकार त्यांच्या स्वभावाशी चपखल जुळतो. वजनाच्या आकड्यांतून राज्याचा स्वभाव वाचता यावा, ही या सूचीलेखकांची कमाई खरोखर दाद देण्याजोगी आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो गंभीर आहे. खेळाडूंना स्वतःचे मेक रचण्याचे नियम खेळाने सुरुवातीच्या काळातच उपलब्ध करून दिले होते, आणि त्या नियमांत शस्त्रांचे मोल समतोल नव्हते. पाच गुणांचे नुकसान करणारी ऑटोकॅनन आठ टनांची आहे, तेवढेच नुकसान करणारा मध्यम लेझर एका टनाचा आहे. 'येगरमेक' या ६५ टनी यंत्रातील चार ऑटोकॅनन मिळून २८ टनांच्या होतात आणि चौघींचे एकत्र नुकसान १४ गुणांचे होते; तीन टनांचे तीन मध्यम लेझर १५ गुण देतात. ऑटोकॅननचा पल्ला लांब आहे हे तिच्या बाजूने सांगता येईल, परंतु त्यांतील सर्वांत हलकीचा २४ घरांचा पल्ला मिरवणाऱ्या या खेळाचा एक नकाशा १५ घरे रुंद आणि १७ घरे लांब असतो, तेव्हा तो पल्ला बहुतेक सामन्यांत पटाबाहेरच वाया जातो. साध्या बेरजा-वजाबाक्या येणारा शाळकरी मुलगाही अर्ध्या तासात अधिकृत सूचीतील बहुतेक यंत्रांपेक्षा सरस यंत्र रचू शकत होता. मग सूचीतील यंत्रे कोणी का वापरावीत?

फासाचे उत्तर नियमांत नव्हते, ते कथेत होते. ३०२५ सालच्या या काल्पनिक जगात पाच मोठी घराणी सुमारे अडीच शतके एकमेकांशी लढून थकलेली आहेत, कारखाने उद्ध्वस्त झालेले आहेत, जुने तंत्रज्ञान लुप्त झालेले आहे, आणि बॅटलमेक ही वडिलांकडून मुलाकडे जाणारी, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या होऊन कशीबशी चालणारी वडिलोपार्जित मिळकत झालेली आहे. अशा जगात इष्टतम यंत्र मागवण्याची सोयच नाही. हाती आले त्यात भागवायचे. तोफेचा दारूगोळा मिळत नाही म्हणून लेझर बसवला, चिलखताच्या पत्र्यांची टंचाई म्हणून हीट सिंक वाढवले, अशा कारणांनी उपप्रकार जन्माला येतात, आणि त्यांतील कित्येक मूळ यंत्राहूनही वाईट असतात. निर्दोष यंत्रांच्या दोन फौजा समोरासमोर आल्या असत्या तर निकाल केवळ फाशांवर राहिला असता. सदोष यंत्रांमुळे मात्र खेळाडूला आपल्या यंत्राचा आजार ओळखून डाव मांडावा लागतो, रायफलमनच्या चालकाला या फेरीत लेझर की तोफ हे ठरवावे लागते, आणि चार्जरच्या चालकाला शत्रूच्या अंगाला भिडण्याखेरीज पर्याय नसल्याने तिथवर पोचण्यासाठी टेकड्यांचा व झाडीचा आडोसा शोधावा लागतो. म्हणून सूचीतील वाईट यंत्रे ही या खेळाची उणीव मानणाऱ्या टीकाकारांनी खेळ म्हणजे काय याचा पुरेसा विचार केलेला दिसत नाही.

अर्थात दोन पायांवर चालणारे शंभर टनांचे उंच यंत्र ही कल्पनाच मुळात अव्यवहार्य आहे, ठेंगणा रणगाडा कोणत्याही प्रत्यक्ष लढाईत त्याला भारी पडेल, हे या खेळाच्या रचनाकारांनाही ठाऊक होते. या अव्यवहार्यतेतही पायऱ्या आहेत. 'डगराम'मधील बहुपाद यंत्रांवरून घेतलेले 'स्कॉर्पियन' आणि 'गोलायथ' हे चार पायांचे मेक अधिक स्थिर असले, तरी त्यांना कमरेत वळता येत नाही, हात नसल्याने ठोसे मारता येत नाहीत, आणि स्कॉर्पियनच्या चालकाला बसणाऱ्या हिसक्यांची तक्रार तर त्याच्या अधिकृत वर्णनातच आहे. 'लँड-एअर मेक', म्हणजे विमानात रूपांतरित होणारा मेक, हे याहून धाडसी प्रकरण होते. 'मॅक्रॉस'मधील 'व्हॅल्कीरी' विमानांवरून आलेल्या 'वास्प', 'स्टिंगर' आणि 'फिनिक्स हॉक' या मेकांच्या अशा आवृत्त्या निघाल्या; रूपांतराच्या यंत्रणेसाठी वजनाचा दहावा हिस्सा खर्ची पडे, त्यामुळे तो धड विमानही नसे आणि धड मेकही नसे, तरीही अर्धे विमान व अर्धा मेक अशा मधल्या रूपात तो इतक्या वेगाने सरके की त्याला नेमके टिपणे जिकिरीचे होई. कागदावर दुबळा आणि पटावर त्रासदायक, असा हा दुहेरी पेच होता. नियमांच्या पुढील आवृत्त्यांनी त्याला हळूहळू बाजूला सारले, आणि कथेतही एका आक्रमणात त्याचा कारखाना बेचिराख झाल्याचे दाखवून विषय संपवला गेला.

लँड-एअर मेकला असे बाजूला सारण्याला कायद्याचीही पार्श्वभूमी होती. 'मॅक्रॉस'च्या अमेरिकी रूपांतराची मालकी सांगणाऱ्या हार्मनी गोल्ड कंपनीने फासावर दावा लावला, १९९६ मध्ये तडजोड झाली, आणि जपानी मूळ असलेल्या यंत्रांची चित्रे पुस्तकांतून काढून टाकण्यात आली. चाहत्यांनी या यंत्रांना 'अनसीन', म्हणजे न दिसणारी, असे नाव दिले. चित्र गेल्यावर रायफलमनचे आकडे तेवढे मागे राहिले, म्हणजे ज्या आकृतीसाठी तो इतका तापत होता ती आकृतीच नाहीशी झाली. फासाचे कामकाज २००१ मध्ये थांबले. खेळाचे हक्क हस्तांतरित होत गेले आणि २००७ पासून तो कॅटलिस्ट गेम लॅब्ज प्रकाशित करते.

या सर्व फसलेल्या यंत्रांत लोकप्रियतेचा मान 'अर्बनमेक' या ३० टनी ठेंगण्या यंत्राकडे जातो. गोल घुमटाकार धड, आखूड पाय आणि हाताच्या जागी तोफ, अशा रूपामुळे त्याला कचऱ्याचा डबा म्हणून हिणवले गेले. त्याची तोफ १२ टनांची आणि इंजिन अवघे दीड टनाचे आहे, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तो चालतो दोन घरे आणि धावतो तीन, ताशी सुमारे ३२ किलोमीटर, त्यामुळे १७ घरांचा नकाशा ओलांडायला त्याला सहा फेऱ्या लागतात. लियाओ घराण्याने चिलखत कमी करून त्याच्यावर याहून मोठी, १४ टनांची तोफ बसवली आणि तिला पाच फैरींपुरता दारूगोळा दिला. हा उपप्रकार विनोदाच्या सीमेवर आहे यात शंका नाही, परंतु शहरातल्या गल्लीत कोपऱ्यावर दबा धरून बसलेल्या यंत्राला पाचवी फैर झाडण्याची वेळ क्वचितच येते हेही तितकेच खरे. यंत्रांची लढाऊ किंमत मोजण्यासाठी खेळात पुढे जी गुणांकन-पद्धत आली, तिच्या प्रचलित आवृत्तीत मूळ अर्बनमेकचे मूल्य ५०४ आणि १०० टनी 'ॲटलस'चे १८९७ आहे. म्हणजे एका ॲटलसच्या मोलात तीन अर्बनमेक येतात आणि वर ३८५ गुण उरतात. इमारतींनी गच्च भरलेल्या नकाशावर, जिथे कोणालाच चार-पाच घरांपलीकडचे दिसत नाही, तिथे त्या तिघांसमोर एकटा ॲटलस उतरवणाऱ्या खेळाडूने हा हिशोब आधी करून पाहावा.